हवालदारांची हरळी

हवालदार, काल तुमचा दहावा झाला. मी सांगलीहून सकाळी निघालो, पण विट्याला एसटीचं चाक पंक्चर झालं आणि ओढ्यावर पोचेपर्यंत मंडळी आंघोळी करून बसलेली होती. मला वाटलं, आता तुम्ही मनगट वर करून घड्याळ दाखवणार आणि फौजी थाटात म्हणणार, "फालिन आठला म्हंजे आठला, सायेब." वहिनींनी नुसतं "आलासा?" म्हणून विचारलं. मी मान हलवली आणि कडेला जाऊन बसलो.

आज परत सांगलीत आहे. ऑफिसात रजेचा अर्ज टाकलाय आणि हे लिहायला बसलोय. तुम्हाला लिहिलेलं आवडायचं नाही हे मला ठाऊक आहे. मी रिपोर्ट वाचून दाखवायला लागलो की पहिल्याच ओळीला तुम्ही हात वर करायचात आणि म्हणायचात, तोंडी सांगा, कागद कुणीही लिहितो. तर हे तोंडीच समजा. मधे अडवायला तुम्ही नाही, त्यामुळे मी जरा जास्तच बोलणार आहे.

तुम्ही हवालदार नव्हताच खरं तर. फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालात, हवालदाराची फीत दंडावर कधी चढली नाही, ती बढती गावानं दिली. नगरपालिकेच्या कागदावर तुम्ही कचरा डेपोचे मुकादम. पण मुकादम म्हणून हाक मारली तर तुम्ही वळूनसुद्धा बघत नव्हता, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकलो. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, नवाकोरा सॅनिटरी इन्स्पेक्टर. खिशात मुंबईचा डिप्लोमा, बुडाखाली नवी सायकल आणि मनात सतत एकच भीती, की हे जुने लोक आपल्याला गुंडाळणार. डेपोच्या फाटकाशी तुम्ही असा काही कडक सलाम ठोकलात की मी सायकलवरून पडता पडता राहिलो. मागून गाडीवाले खुदकन हसले. मला वाटलं तुम्ही माझी टर उडवताय. महिनाभरानं कळलं, की तुम्ही मला नाही, खुर्चीला सलाम करत होता, आणि खुर्चीवर कोण बसलंय याच्याशी तुम्हाला फारसं देणंघेणं नव्हतं.

काय तो डेपो होता आपला! गावाबाहेर मैलभर, मुरमाची जुनी खाण. गावाचा केरकचरा बैलगाड्यांनी यायचा, खाणीत पडायचा, त्यावर मुरूम पसरून चोपायचा, मग पुन्हा कचरा, पुन्हा मुरूम. अशी वर्षानुवर्षं खाण भरत गेली, आणि भरल्यावर तिच्या तोंडातून कचरा बाहेर ओढ्याच्या दिशेनं वाढत गेला. तिथं एक उतार तयार झाला, दोन पुरुष उंच आणि चांगला लांबरुंद. येणाऱ्याजाणाऱ्याला डेपो म्हणजे नाकाला रुमाल. तुम्हाला ती तुमची पलटण होती. गाड्या एका ओळीत, बैल सोडायचे ते झाडाखाली, शिट्टी झाली की खाली करायचं, दुसरी शिट्टी झाली की निघायचं. गाडीवाले म्हणायचे, हवालदाराच्या शिट्टीला डेपोवरची कुत्रीसुद्धा उठून उभी राहतात. मी ती उठताना स्वतः पाहिली आहेत.

दुपारी तीन दगडांवर तुमचा चहा व्हायचा. भरपूर गूळ, नावाला दूध. त्या वासात चहा पिणं मला पहिले आठ दिवस जमलं नाही, नंतर घरचा चहा मिळमिळीत लागायला लागला. त्या चहावर आपण किती भांडलो! मी पुस्तकातलं सांगायचो, तुम्ही फौजेतलं सांगायचात, आणि दोघांचंही डेपोशी काही जमत नसायचं. पण एक गोष्ट तुम्ही मला शिकवलीत ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. माझ्या पहिल्या पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळत असताना तुम्ही माझ्या खोलीवर आलात, डोक्यावर पोत्याची खोळ, आणि हातात माझ्यासाठी दुसरी. म्हणालात, चला सायेब, उतार बघायला. मी म्हटलं, पाऊस थांबू दे. तेव्हा तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत ते मला अजून आठवतं.

"पानी कुटनं पळतंय ते पावसातच दिसतं. थांबल्यावर काय बगायचं, चिखूल?"

आपण दोघं भिजत त्या उताराच्या पायथ्याशी उभे राहिलो. मुरूम धुपून खाली चालला होता, त्याच्या खालचा कचरा उघडा पडत होता, आणि काळं पाणी दहा वाटांनी ओढ्यात उतरत होतं. तुम्ही काठीनं एकेक वाट दाखवत होता. आजही सांगलीत जोराचा पाऊस लागला की मी छत्री घेऊन बाहेर पडतो. ऑफिसातले म्हणतात साहेबांना वेड आहे. ते वेड तुमचं.

त्या पावसानंतर आठवड्याभरात आण्णा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. ओढ्याच्या खालच्या अंगाला आण्णांचं रान, ऊस आणि हळद. जैन माणूस, मोजकं बोलणारा, आवाज कधी चढला नाही. त्यांच्या विहिरीवर वस्तीतल्या दहाबारा घरांचं पिणं होतं. आण्णा पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लावत नसत, आणि फडक्यात अडकलेला बारीक जीवसुद्धा मरू नये म्हणून ते फडकं पुन्हा विहिरीच्याच पाण्यात हलक्या हातानं विसळत. त्यांनी माझ्या टेबलावर एक बाटली ठेवली. आत फिकट चहासारखं पाणी.

"सायेब, ह्यो गाळून घेतल्यावरचा रंग हाय," एवढंच म्हणाले आणि बाटली तिथंच ठेवून गेले.

त्यांनी साताऱ्याला, जिल्ह्याच्या आरोग्य साहेबांनाही कळवलं होतं. साहेबांचं पत्र आलं: उतार धुपायचा थांबवा, नाहीतर डेपो हलवा. उतारावर दगड बसवून पिचिंग करावं असं माझं पुस्तक म्हणत होतं. नगरपालिका म्हणत होती की दगड तुझ्या पुस्तकातूनच आण. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, आणि तुम्ही चहात गूळ ढवळत शांतपणे म्हणालात, पिचिंग नको, हरळी लावू.

मी हसलो. हसू नको तर काय? आपल्या भागातला शेतकरी जन्मभर हरळी उपटतो. नांगरून, खणून, वेचून बांधावर फेकतो, तरी ती पुढच्या वर्षी हजर. हरळी गेली म्हणजे रान सुधारलं. आणि हा माणूस म्हणतो हरळी लावू!

"उपटून उपटून निगत न्हाई म्हनूनच लावायची," तुम्ही म्हणालात.

ही अक्कल तुम्हाला दुष्काळाच्या कामावर आलेली. फौजेतून येऊन तुम्ही दोन वर्षं माळावर चर खणण्याच्या कामावर होता. रबरी नळीत पाणी भरून पाणसळ धरायची, दोन्ही टोकांना पाणी एका उंचीला आलं की तिथं खूण करायची, आणि त्या खुणांवरून उताराला आडवा चर खणायचा. पाण्याला पळायला वाट द्यायची नाही, बसायला जागा द्यायची. चरांच्या काठावर जिथं हरळी होती तिथली माती जागची हलली नाही, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या डिप्लोम्यात हे नव्हतं. तसं मी कबूल मात्र केलं नाही. म्हटलं, करून बघू, फसलं तर तुमच्यावर. तुम्ही म्हणालात, कबूल.

तो उन्हाळा माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा काळ होता, हवालदार. उन्हात तापलेल्या त्या उतारावर मी नळीचं एक टोक धरायचो आणि तुम्ही दुसरं. डेपोवर रोजंदारीला येणाऱ्या बायका चर खणायच्या आणि वर आपल्या दोघांना हसायच्या. तुम्ही कुणाच्याही नांगरलेल्या रानात शिरून हरळीच्या काश्या, म्हणजे मुळ्यांचे तुकडे, मागायचात. शेतकरी आधी चक्रावायचे आणि मग पोती भरून द्यायचे, वर एक पोतं फुकट घेऊन जा म्हणायचे. गावात नाव पडलं, हरळी लावणारा हवालदार. पोरीबाळींनी गौरी-गणपतीला दूर्वा तुमच्याकडूनच न्यायच्या, असं चौकात ठरलं. मृगात चरांच्या काठानं काश्या टोचल्या, आणि आषाढ संपेपर्यंत उतार हिरवा झाला. आडव्या हिरव्या ओळी, आखून काढल्यागत. गणपतीपर्यंत ओळी एकमेकींना मिळाल्या आणि खालचा मुरूम दिसेनासा झाला. श्रावणात एवढा पाऊस झाला, पण ओढ्याचं पाणी गढूळ झालं ते नुसत्या मातीनं. कचऱ्याचा काळा थेंब त्यात आला नाही.

भाद्रपदात आण्णा पुन्हा आले. पुन्हा टेबलावर बाटली. आतलं पाणी स्वच्छ होतं. निघताना त्यांनी तुमच्याकडे बघून हात जोडले. तुम्ही सलाम केला नाहीत, तुम्हीही हात जोडलेत. खुर्चीवर नसलेल्या माणसाला तुम्ही कसा मान देता ते मी त्या दिवशी पाहिलं.

आता पुढचं सांगायला हवं. हे आपण दोघं पुन्हा कधी नीट बोललोच नाही.

साताऱ्याहून पत्र आलं की साहेब स्वतः इन्स्पेक्शनला येणार. मला कागदपत्रांसाठी दोन दिवस साताऱ्याला जायचं होतं. निघताना सायकलवर एक पाय ठेवून मी तुम्हाला म्हणालो, "डेपो लखलखीत दिसला पाहिजे हं, हवालदार." बस, इतकंच. लखलखीत म्हणजे काय, ते मी सांगितलं नाही. मला तरी कुठं माहीत होतं! तुम्हाला मात्र ते पंधरा वर्षांच्या फौजेनं पक्कं शिकवलं होतं. इन्स्पेक्शन म्हणजे जमिनीवर गवताचं पातं दिसता कामा नये. दगड असेल तर चुना, माती असेल तर चोपून सारखी. दिसलं एक पातं तर अख्ख्या पलटणीला सजा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी साताऱ्याहून आलो आणि सामान घरी टाकून थेट डेपोवर गेलो. फाटकापासून वाटेच्या दोन्ही कडांना चुन्यानं रंगवलेले दगड. झाडाच्या बुंध्यांना गेरू. आणि उतार? उतार खरवडून काढलेला. खुरपी आणि फावडी घेऊन तुम्ही दहा बायकांकडून हरळीचं पातं न् पातं काढवलं होतं, चर बुजवून वर मुरूम चोपला होता, आणि त्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. मैदानासारखा गुळगुळीत, देखणा उतार. तुम्ही बाजूला ताठ उभे. ज्या हातांनी चार महिने लावली त्याच हातांनी दोन दिवसांत काढलीत, आणि तुमच्या मनात त्यात काही विसंगत नव्हतं. काम वेगळं, इन्स्पेक्शन वेगळं. मुळं आत आहेत, साहेब गेले की चर परत मोकळे करू, आठ दिवसांत हरळी वर येईल, असा तुमचा हिशोब होता. हरळीच्या बाबतीत तो चुकीचाही नव्हता.

आपण पुढं कितीदा यावर शब्दाला शब्द वाढवला! मी म्हणायचो डोकं तुमचं, तुम्ही म्हणायचात हुकूम तुमचा. पण त्या भांडणात एक गोष्ट मी नेहमी वगळायचो आणि तुम्हीही, माझ्यावर उपकार म्हणून, वगळायचात. ती अशी, की त्या संध्याकाळी तो बोडका उतार बघून माझ्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. मी शिकलेला होतो. हस्त नक्षत्र चार दिवसांवर होतं आणि हस्ताचा पाऊस कसा फोडून काढतो हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण मला तो उतार आवडला, हवालदार. मला वाटलं साहेब खूश होणार. मी तुमच्या पाठीवर हात मारला आणि म्हणालो, "शाबास, हवालदार. याला म्हणतात डेपो." तुमच्याहून वीस वर्षांनी लहान असून तुम्हाला शाबासकी दिली. तुम्ही किती खूश झाला होता.

साताऱ्याचे साहेब आले, जीपमधून उतरले, चुन्याच्या दगडांकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ उताराच्या टोकाशी गेले. आण्णांनी त्यांना दुसरं पत्र लिहिलं होतं, की हरळीनं उतार धरला, पाणी निवळलं, येऊन बघून जा. साहेब ती हरळी बघायला आले होते. सगळ्या जिल्ह्याला दाखवता येईल असं काही इथं झालंय, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी वळून विचारलं, ते गवत कुठे आहे? तुम्ही सलाम ठोकलात आणि छाती पुढं काढून सांगितलंत, "काढलं, सायेब. इन्स्पेक्शन हाय म्हनून."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी तुमच्याकडे बघितलं. असं बघितलं, की जणू मला हे आत्ताच कळतंय. साहेब भला माणूस. शेऱ्यात त्यांनी कुणाचा दोष लिहिला नाही, फक्त लिहिलं की उतारावर ताबडतोब गवत लावावं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, पाऊस येण्याआधी काहीतरी पसरा यावर.

तुम्ही त्यांचं बोलणं ऐकलं असावं, कारण जीप वळायच्या आत तुमचा चेहरा पडला होता. तुम्ही लगेच गाड्या जुंपल्यात. आजूबाजूच्या रानांतून उसाचं पाचट आणलं, उतारावर पसरलं, वर दगड ठेवले. बायका, गाडीवाले, मी, सगळे राबलो. तिसऱ्या दिवशी दुपारी हस्तानं गाठलं तेव्हा निम्मा उतार झाकून झाला होता. उरलेला निम्मा आपल्या डोळ्यांदेखत गेला. आधी रेघा, मग भेगा, मग तोंडच सुटलं आणि आतला कचरा मुरमासकट घरंगळत ओढ्यात. ओढा तुंबला, फुगला आणि आण्णांच्या रानात शिरला. विहिरीत काय गेलं ते सांगायला नको. तुम्ही पावसात उभे होता, डोक्यावर पोतंसुद्धा न घेता.

आण्णा त्या आठवड्यात लेकीकडे, मिरजेच्या बाजूला गेले होते. ते परत आले तेव्हा उतारावर गवतही नव्हतं आणि उतारही नव्हता. त्यांना वाटलं पावसानं सगळंच नेलं. मी त्यांना तसंच वाटू दिलं. इतकंच नाही, मी ते कागदावर घातलं. नगरपालिकेच्या रिपोर्टात आणि आण्णांना दिलेल्या उत्तरात, दोन्हीकडं मी लिहिलं, अतिवृष्टीमुळे गवतासह उतार वाहून गेला. वाक्य छान झालं होतं. मला वाटलं मी तुम्हाला वाचवलं. रोजंदारीवरचे मुकादम तुम्ही, खरं बाहेर आलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता.

त्या दिवशी मात्र तुम्ही रिपोर्ट शेवटपर्यंत ऐकलात. मग म्हणालात, "पाऊस दरसाल येतो. त्येच्या नावावर कशाला घालताय? हरळीनं दगा दिला न्हाई, सायेब. म्या दिला. माजं नाव लिवा."

मी लिहिलं नाही. तुम्हाला दरडावलं की आण्णांपाशी यातलं अक्षर काढायचं नाही, नोकरी जाईल. तुम्ही सलाम ठोकलात. मी त्याला होकार समजलो.

मग तुम्ही विहिरीत उतरलात. इंजिनानं पाणी उपसलं तरी तळाचा गाळ हातानंच काढायचा होता. चार दिवस कमरेला दोर बांधून तुम्ही खाली, आणि वर आण्णा काठावर बसून. भरलेली पाटी वर आली की आण्णा ती हातानं चाळायचे, एखादा मासा, बेडूक जिवंत सापडला तर पाण्याच्या हंड्यात टाकायचे. चार दिवस ते हंडे तिथं सावलीत होते. वस्तीतल्या बायका महिनाभर लांबून पाणी आणत होत्या. एकीनंही तुमच्याविरुद्ध वाकडा शब्द काढला नाही, कारण दोष पावसाचा होता. मला तेव्हा ते बरं वाटलं. तुम्हाला किती जड गेलं असेल ते आज कळतं.

रिपोर्टाचं पुढं काय झालं? नगरपालिकेच्या सभेत वाचून दाखवला गेला. एक सभासद उठून म्हणाले, बघा, हरळीनं कुठं उतार थांबतो का, हवालदाराचं खूळ. सगळे हसले. ठराव झाला की यापुढे गवतबिवत नाही. मी खाली मान घालून बसलो होतो, आणि तुम्ही दाराबाहेर उभे होता. तुमच्या हातून आयुष्यात झालेलं सगळ्यात चांगलं काम, माझ्या एका छान वाक्यानं खोटं ठरलं. तुम्हाला फौजेनं हवालदार केलं नाही, त्याचं तुम्ही कधी वाईट वाटून घेतलं नाहीत. पण सभेतल्या त्या हसण्याचं घेतलंत. दोन वर्षांनी माझी सांगलीला बदली झाली तेव्हा एसटी स्टँडवर तुम्ही माझी ट्रंक टपावर चढवलीत आणि खाली उतरून म्हणालात, "तेवडा कागुद बदला की सायेब, कवातरी." मी म्हटलं, बघू. गाडी सुटली.

नंतर दरवर्षी यायचो, तुम्ही पुन्हा काही म्हणाला नाहीत. गेल्या खेपेला तुम्ही अंथरुणावर होता. मी शेजारी बसून डेपोच्या कुत्र्यांच्या गोष्टी काढल्या, तुम्ही हसलात, खोकलात. कागदाचं मी काढलं नाही. तुम्ही काढाल याची भीती वाटत होती, आणि तुम्ही काढलं नाहीत तेव्हा मोकळा श्वास घेऊन मी उठलो. त्या श्वासाची मला आता लाज वाटते.

काल ओढ्यावर पिंड ठेवले तेव्हा मी झाडावरच्या कावळ्यांकडे बघत होतो. म्हटलं, कावळा शिवणार नाही. तासभर लोक ताटकळतील, वहिनी, मुलं हात जोडून नाही नाही ती वचनं देतील, आणि शेवटी मलाच सगळ्यांसमोर उठून त्या कागदाचं वचन द्यावं लागेल. पण दर्भ ठेवून लोक मागं सरतात न सरतात तोच कावळा आला आणि भात घेऊन गेला. कुणीतरी म्हणालं, हवालदारानं कुणाला ताटकळत ठेवलं न्हाई. तुमचं काही राहिलेलं नव्हतं. राहिलं होतं ते माझं होतं. तेव्हा जेवायला न थांबता मी ओढ्याकाठानं आण्णांच्या रानात गेलो.

विहिरीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या थडीवर, आडव्या ओळींत हरळी आहे. पाणसळ धरल्याशिवाय अशा ओळी येत नाहीत, हे मला तुम्हीच शिकवलंय. मी बघतच राहिलो. आण्णा आता थकलेत, काठी टेकत आले. मी विचारायच्या आत म्हणाले, हवालदारानं लावली, विहीर उपसली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. मी म्हटलं, आण्णा, तुम्हाला एक सांगायचंय, त्या वर्षी उतार पावसानं गेला नव्हता. आण्णांनी मला हातानं थांबवलं.

"ठावं हाय. विहिरीतनं वर आला त्याच सांजंला त्यानं सांगितलं. हरळी म्या काडली, घात म्या केला. पर सायबांस्नी बोलू नका म्हनाला, मी सांगितलं म्हून. तेंच्या जिवाला लागंल."

इतकी वर्षं, हवालदार! इतकी वर्षं मी या विहिरीवरून मान चुकवून जात होतो आणि तुम्ही दोघं बसून माझा जीव जपत होता. पण आण्णांचं बोलणं संपलं नव्हतं.

"म्या इचारलं हुतं त्याला, तुमच्या सायबानं बगितलं न्हवतं व्हय? त्यो एवडा शिकल्याला मानूस. तर म्हनाला, न्हाई, सायेब साताऱ्याला हुते. इन्स्पेक्शनच्या दिवशीच आले."

मी साताऱ्याला नव्हतो. आदल्या संध्याकाळी मी डेपोवर होतो, तुमच्या पाठीवर माझा हात होता. ते मी आण्णांना सांगितलं. शाबास म्हणालो होतो, तेही सांगितलं. आण्णा काठी टेकत घराकडे वळले. मला चला म्हणाले नाहीत आणि जा असंही म्हणाले नाहीत. मी त्यांच्या मागून गेलो.

पावसाच्या नावावर एक ओळ खोटी घातली तर तुम्हाला खपली नाही. जन्मात तुम्ही एकच खोटं बोललात, हवालदार, आणि ते माझ्यासाठी. ते काल मी खोडून आलो. उद्या नगरपालिकेत जाऊन तो कागदही बदलायला टाकतो. रागावू नका.